चादरीखालचं खोकं

सुमनची माय,

क्रॉसओव्हरच्या बाबतीत तुझंच खरं होतं. एवढं एक वाक्य बोलायले मले तू मरायची वाट पाहावी लागली. घे, आता लिहून देतो.

तुले जाऊन सतरा दिवस झाले. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, परवा सुमनही लोणारले सासरी गेली. साखरखेर्ड्याचं आपलं हे घर एवढं मोठं होतं हे मले माहीत नव्हतं. मी चौथी शिकलेला माणूस. साऱ्या जन्मात वायरीले वायर जोडली, अक्षराले अक्षर कमीच जोडलं. चुकलं की तू हसायची. आता हसायलेही कोणी नाही, तर चुकू दे.

लोक येतात अन् विचारतात, कशानं गेली? मी सांगतो, दम होता, पायाले सूज होती, हृदय थकलं होतं. ते बरोबरच आहे. पण तू जायच्या आधी नऊ दिवस मी काय केलं ते मेहकरच्या डॉक्टरले माहीत नाही, अन् मी कोणाले सांगत नाही.

आपली पहिली गाठ भांडणातच पडली. देऊळघाटले सप्ताह होता. मी भोंगे बांधून, माईक लावून ऐटीत खुर्चीवर बसलो होतो. तुझा बाप मृदंग घेऊन बसला अन् तू बाजूले परातीत कणीक मळून राह्यली होती. मले वाटलं, पोरगी पोळ्यायची तयारी इथंच घेऊन बसली. मग तू कणकेचा गोळा मृदंगाच्या डाव्या पुडीवर थापला. बापानं थाप मारली, तू थोडी कणीक काढली. त्यानं पुन्हा मारली, तू चिमूटभर लावली. कणीक जेवढी, तेवढा डाव्या हाताचा आवाज खोल जाते. बाप वाजवे अन् किती लावायची ते तू ठरवे. ते झाल्यावर तू माझ्याकडं वळून म्हणाली, "ओ माईकवाले, दोन्ही माईक उजवीकडंच लावले तुम्ही. डाव्या हातानं बाबानं काय माशा माराव्या का?"

सारा मांडव हसला. मी माईक हलवला नाही. तुझ्या बापानं उठून हलवला. त्या दिवशी मी टेप लावून त्याचा मृदंग भरून घेतला होता, तीच ती कॅसेट. तुझ्या बापाची तेवढी एकच कॅसेट आहे जगात. दोन महिन्यांनी सोयरीक झाली तेव्हा माझी माय म्हणे, पोरगी तोंडाची तिखट आहे. मी म्हटलं, कानाची तिखट आहे, तोंडाचं पाहून घेईन. काय पाहून घेतलं मी.

चाळीस वर्षं मी तुझ्या कानावर जेवलो. लग्न असो, कीर्तन असो, मी मशिनीजवळ बसायचो अन् तू सगळ्यात मागच्या बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहायची. पदर डोक्यावर घेतला की आवाज वाढवा, पदर खांद्यावर आला की कमी करा. कोणाले कळत नव्हतं. लोक म्हणायचे, या माणसाच्या माईकले तोड नाही. मी मिशीले ताव देऊन ऐकून घ्यायचो. घरी आल्यावर तुले एकदाही म्हटलं नाही की ते बोलणं तुझं आहे. भोंग्याजवळ बसून बसून माझे वरचे सूर कधीचेच गेले. अंगणात चिमणी ओरडली तर मले फक्त तिची चोच हालताना दिसते. हे मी तुझ्यापासून लपवत होतो अन् तुले माहीत होतं. सैपाकघरातून बोलायचं असलं की तू बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहायची. मी समजायचो, बाईले फिरायची सवय आहे.

गुडघे गेले, भोंगे चढवणं होईना, तेव्हा मागच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू केलं. जुन्या गाद्या तू उसवल्या, धुतल्या, पुन्हा शिवल्या अन् आपण दोघांनी मिळून भिंतींले ठोकल्या. भजनी मंडळं येऊ लागली. मी दोन स्टुडिओ मॉनिटर आणले. घरच्या टेपचे स्पीकर सगळंच गोड करून सांगतात. हे जसं आहे तसं सांगतात, म्हणून त्यांच्यावर रेकॉर्डिंग तपासायचं. त्यांचा एकच ऐब. आकारानं लहान, मृदंगाचा डावा हात त्यांच्या पोटात मावत नाही. मग मी सबवूफर आणला. ज्वारीच्या कोठीएवढा डबा, नुसता खालचा घुमारा काढणारा. कोपरा रिकामा होता, कोपऱ्यात ठेवला. मागचं बटन फिरवलं, छाती हालली, मी खुश.

तू चहा घेऊन आली. उभ्या उभ्याच ऐकलं. कप ठेवला अन् म्हणाली, "दोघी जावांनी एकाच भाजीत मीठ टाकलं."

मी म्हटलं, म्हणजे काय?

"म्हंजे हे दोन लहानेही तेच काम करून राह्यले अन् तो कोपऱ्यातला मोठाही तेच. कुठं खारट झालं, कुठं अळणी. एकीनं मीठ सोडायले पाह्यजे."

कंपनीच्या पुस्तकात चार पानं भरून जे लिहिलं असते ते तू एवढ्यात सांगितलं. कोणत्या स्पीकरनं कुठं थांबायचं अन् कोणी कुठून पुढं धरायचं, ही वाटणी करणारं जे यंत्र, त्याले क्रॉसओव्हर म्हणतात. सबवूफरच्या पोटात एक होतं, पण ते फक्त सबवूफरले आवरायचं. मॉनिटरले "तू आता थांब" म्हणणारं कोणी नव्हतं. त्यासाठी वेगळं, चांगलं क्रॉसओव्हर घ्यावं लागते. जालन्याच्या दुकानदारानंही मले तेच सांगितलं होतं. पण ते तू आधी बोलली होती, म्हणून मी घेतलं नाही. वर्षभर भांडलो आपण. तू म्हणायची खाली घ्या, मी बटन वर करायचो. तू म्हणायची कोपऱ्यातून काढा, मी म्हणायचो कोपऱ्यातून काढून तुझ्या देवघरात ठेवू का?

मग तो दिवस. लोणारकडलं भजनी मंडळ आलं होतं, दहा माणसं. त्यांचे बुवा म्हणाले, मृदंग काऊन असा चिखलात वाजल्यासारखा येऊन राह्यला? तू दारात होती. तू साधं सांगितलं, डबा कोपऱ्यातून काढा अन् लहान्या स्पीकरचा खालचा आवाज बंद करा. मी दहा माणसांदेखत म्हटलं, "तुले काय समजते यातलं? पोळ्या लाट जाय."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तू गेली, पोळ्या लाटल्या, त्या दहाही माणसांले पोटभर वाढलं. बुवाले आग्रह करून दोन जास्तीच्या वाढल्या. त्या दिवसानंतर तू त्या खोलीत पाय ठेवला नाही. झाडून काढायचं झालं तर झाडू दारात ठेवून जायची. ते रेकॉर्डिंग बिघडलंच. मी माईकवर ढकललं.

तुले दम लागायले लागला तेव्हा खोलीत परत आली, तीही बाजेवर. समोरच्या खोलीत रस्त्याचा गलका, मागची खोली गार अन् शांत, म्हणून मी अन् सुमननं तुझी बाज तिथं टाकली. पूर्वेच्या भिंतीशी. अडीच महिने तू तिथं होती. एक दिवस दुपारी तू म्हणाली, बाबाची कॅसेट लावा. मी लावली. तू डोळे मिटून ऐकलं, संपेपर्यंत ऐकलं.

"बाबाचा डावा हात नाही यात."

मी म्हटलं, आहे की. मले इथं खुर्चीत चांगला ऐकू येऊन राह्यला.

"तुमच्या खुर्चीत असन. माह्या बाजेवर नाही."

मी म्हटलं, औषधांनी तुझे कान भरले. तू वाद घातला नाही. हेच मले लागायले पाह्यजे होतं, की तू वाद घातला नाही. भिंतीकडं तोंड केलं अन् म्हणाली, "एकदा नीट आयकायचा होता. बाकी काही नाही."

मले लागलं. खोटं कशाले बोलू, लागलं. दुसऱ्याच दिवशी मी जालन्याले फोन करून क्रॉसओव्हर मागवलं. एसटीनं पार्सल आलं. मी स्टँडवरून खोकं घेऊन आलो, तेव्हा तू झोपली होती. मी ते टेबलाखाली सरकवलं अन् वरून हिरवी चादर टाकली.

तिथं ते नऊ दिवस पडून होतं.

काऊन उघडलं नाही, ते सांगतो. पहिल्या दिवशी मी मनाशी म्हटलं, वायर कमी पडते. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज हिले दम जास्त आहे, कानाले त्रास होईल. मग म्हटलं, थोडी बरी होऊ दे. हे सगळे बहाणे. उघडलं असतं तर जोडावं लागलं असतं. जोडलं असतं तर तू ऐकलं असतं. अन् ऐकल्यावर तू माझ्याकडं पाह्यलं असतं. बोलली काही नसती, नुसतं पाह्यलं असतं. मले ते पाहणं नको होतं. एवढ्यासाठी, सुमनची माय. म्हातारा झालो, तोंडात दात राह्यले नाहीत, अन् बायकोनं एकदा पाहू नये म्हणून तिच्या बापाचा हात तिच्यापासून सहा फुटांवर चादरीखाली झाकून ठेवला.

दहाव्या दिवशी सकाळी मी चूळ भरायले बाहेर गेलो. परत आलो तर तू नव्हती.

तुझी थोरली बहीण देऊळघाटहून आली अन् तिनं घर हाती घेतलं. जिथं जीव गेला तिथं आपल्याकडं जमिनीवर पीठ पसरतात, दिवा लावतात अन् पिठावर टोपलं झाकतात. जाणाऱ्याचं पाऊल पिठात उमटते म्हणतात. तुझी बाज उचलली अन् त्याच जागेवर पीठ पसरलं. म्हणजे खोलीत एकीकडं टोपलं अन् एकीकडं चादरीखाली खोकं. मी मधी बसून.

पाचव्या दिवशी दुपारी सुमन अन् तुझी बहीण समोरच्या खोलीत पडल्या होत्या. सुतकात गाणंबजावणं करत नाहीत, एवढं मले कळते. पण दहा दिवस जीव घरातच असते असंही म्हणतात. पाच गेले होते, पाच उरले होते. मी दार लावून घेतलं अन् चादर ओढली.

जोडायच्या आधी काय वाटलं कोण जाणे. जुनंच सगळं तसंच ठेवून मी कॅसेट लावली अन् तुझ्या जागेवर जाऊन बसलो, टोपल्याजवळ. पहिल्यांदा बसलो. अडीच महिन्यांत एकदाही तिथं बसलो नव्हतो.

डावा हात नव्हता.

मी उठून खुर्चीत गेलो. होता. दारात गेलो. होता. परत तुझ्या जागेवर आलो. नव्हता. मॉनिटरचा घुमारा अन् कोपऱ्यातल्या सबवूफरचा घुमारा बरोबर त्या जागेवर एकमेकांच्या उलट येऊन एकमेकाले खाऊन टाकत होते. साऱ्या खोलीत ती एकच जागा अशी, अन् मी तुझी बाज तिथंच टाकली होती. तुझ्या कानाले काही झालं नव्हतं. पाच पावलं चालून तुझ्या उशीशी डोकं टेकवलं असतं तर मले तेव्हाच कळलं असतं. पाच पावलं. मी त्या जमिनीवर डोकं आपटलं, पण ते तुले सांगून काय फायदा.

मग मी खोकं उघडलं अन् क्रॉसओव्हर जोडलं. एक वायर तीनदा निसटली. ऐंशी हर्ट्झच्या खालचा सगळा आवाज सबवूफरले दिला अन् मॉनिटरले तिथं थांबवलं. एका जावेनं मीठ सोडलं. सबवूफर कोपऱ्यातून ओढत भिंतीच्या मधोमध आणला, छातीत कळ आली तरी आणला. त्या यंत्रावर एक बटन असते, घुमारा उलटा-सुलटा करायचं. ते एका बाजूले ठेवलं तर पोकळ, दुसऱ्या बाजूले केलं अन् तुझा बाप आला. खोलीत आला, सुमनची माय. उजव्या हातामागं डावा, एकाच माणसाचे दोन हात, एकाच मृदंगावर. मी तुझ्या जागेवर बसून ऐकलं. मग मी आवाज मोठा केला. तू कुठून ऐकून राह्यली ते माहीत नव्हतं, म्हणून मोठा केला. अजून मोठा केला. छताची माती पडायले लागली तेव्हा बंद केलं.

भिंतीच्या गाद्यांनी सूर अडवला, घुमारा अडला नाही; मी दार उघडलं तर तुझी बहीण उठून बसलेली. म्हणाली, भाऊजी, जमीन हालली का? ती तरातरा आत गेली, दिव्याले नमस्कार केला अन् टोपलं उचललं. पिठावर लाटा उठल्या होत्या, अन् मधी एक जागा साफ झालेली, टाचेसारखी. ती तिथंच बसली. "पाऊल हाय. दाराकडं तोंड हाय. सुखानं गेली माही बहीण." सुमन धावत आली, पाह्यलं अन् मोठ्यानं रडली. तू गेल्यापासून ती रडलीच नव्हती. त्या सांजेले ती पहिल्यांदा दोन पोळ्या जेवली. जेवता जेवता मले विचारलं, "बाबा, आईचं काही राह्यलं नाही ना?"

मी म्हटलं, "नाही, बाई."

ते पाऊल सबवूफरचं होतं. घुमाऱ्यानं पीठ सरकलं, बस. मले माहीत होतं अन् मी पाहत राह्यलो. शेजारच्या बायका येऊन त्याले हात जोडून गेल्या, मी पाहत राह्यलो. पोरगी जेवून राह्यली होती, कसं सांगू? पोरीले वाटे आई तृप्त होऊन गेली, अन् मले माहीत, की तिनं एकच गोष्ट मागितली अन् तीही मी दिली नाही.

परवा सुमन निघाली. बॅग भरून ओसरीवर बसली, अकराची गाडी होती. मी तिले सगळं सांगितलं. खोक्याचं, नऊ दिवसांचं, पिठाचंही. वाटलं, रडेल, नाही तर शिव्या देईल. ती नुसती बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राह्यली. मग म्हणाली, "बाबा, आईले माहीत होतं."

मले समजलं नाही.

"तुम्ही खोकं आणलं तेव्हा ती जागी होती. मी लोणारले होती, मले फोनवर म्हने, त्यायनं ते यंत्र आनलं बाई, टेबलाखाली लपवलं. मले दिसलं म्हनून त्यायले सांगू नको. त्यायचं त्यायले उघडू दे, नाही तर लय लागते त्यायच्या जिवाले." मग म्हणाली, "मी रोज विचारायची, उघडलं का? ती म्हने, उद्या उघडतीन. नऊ दिवस बाबा. रोज म्हने, उद्या उघडतीन."

पिठाबद्दल ती एवढंच बोलली, की मावशीले सांगू नका. मग गाडीत बसली. पोचली म्हणून कळवलं. त्याच्यानंतर तिचा फोन नाही. मीही केला नाही. काय तोंडानं करू?

तू विचारलं काऊन नाही? सहा फुटांवर पडून होती तू. चादरीत काय आहे एवढं म्हटलं असतं तरी मी उघडलं असतं. ओरडायचं होतं. देऊळघाटच्या मांडवात ओरडली तशी ओरडायचं होतं. मले लागलं असतं, दोन दिवस फुगून बसलो असतो, पण तू ऐकलं असतं. साऱ्या जन्मात तू माझं मन राखलं नाही, तोंडावर बोलत आली, म्हणून तर मी माणसात राह्यलो. अन् शेवटचे नऊ दिवस राखलं. काऊन राखलं? त्या ‘पोळ्या लाट जाय’नंतर मी तुझं बोलणंच बंद केलं होतं का? का तुले वाटलं, हा आज उघडेल, हा एवढा दगड नाही? मले यातलं काय खरं ते कळत नाही अन् आता कोणाले विचारू?

कधी कधी तुझा राग येते. मग त्या रागाचीच लाज वाटते. मग वाटते, नऊ दिवस तू माझ्यावर भरवसा ठेवून पडून होती, एवढा भरवसा माझ्यावर माझ्या मायनंही ठेवला नसता. त्यासाठी तुझे पाय धरावे तर पायही राह्यले नाहीत.

आता मी दुपारी खोलीत जातो अन् कॅसेट लावतो. यंत्रात एक बटन आहे, ते दाबलं की आपण बसवलेलं कायमचं राहते. दुकानदारानं फोनवर दोनदा सांगितलं, काका, ते दाबून टाका. मी दाबत नाही. इथं रोज लाईन जाते. लाईन गेली की बसवलेलं पुसून जाते, अन् दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिल्यापासून बसवायले लागतो. ऐंशीवर ठेवतो. मग वाटते, सत्तरवर जास्त भरीव येते. मग वाटते, सत्तरवर जड होते, बोटं दिसत नाहीत. माझे कान कामाचे नाहीत, हे तुले माहीत आहे. यंत्राचा काटा बरोबर दाखवते, पण काट्यानं तुझ्या बापाले कधी वाजवताना पाह्यलं नाही.

मी तुझ्या जागेवर खाली बसून हे लिहून राह्यलो. लाईन आहे अजून. साऱ्या जन्मात मी तुले हे विचारलं नाही, आता विचारतो, वाद घालायले नाही, खरंच माहीत नाही म्हणून विचारतो. एवढं सांग अन् मग जाय कुठं जायचं ते. इथंच ठेवू, का अजून थोडं खाली घेऊ?